सारंगखेड्याहून आणलेली गाभण घोडी, शिंगराचा ताप आणि हर्पीसची शंका

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. शिरपूरकडचे हे भाऊ वरातीला घोडी देतात. घरी एक वयस्क पांढरी नुकरा घोडी आहे आणि तिचंच दीड वर्षाचं शिंगरू. यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी एक मारवाडी घोडी घेतली, विकणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे आठ महिन्यांची गाभण. ती घरी येऊन आठवडा झाला आणि शिंगराला ताप भरला, नाक गळू लागलं, त्यानं वैरण सोडली. कुणीतरी हर्पीसचं नाव काढलं. मोबाइलवर शोधलं तर हर्पीसने हत्तीची पिल्लं मेल्याच्या बातम्या निघाल्या, आणि आठवलं की यात्रेत आपल्या दावणीपलीकडे साधूंचा एक हत्ती उभा होता. विचारणं असं: हे हत्तीकडून आलं का? म्हशींना, पोरांना लागेल का? नवी घोडी परत करावी का? आणि पांढरी घोडी ठरलेल्या वरातींना पाठवावी का?

हत्तीला आधी या प्रकरणातून मोकळा करतो. हर्पीस हे विषाणूंचं मोठं घराणं आहे. आपल्या ओठांवर तापात पुळ्या उठवणारा त्यातला, कांजिण्यांचा त्यातलाच, गाईंचा आणि घोड्यांचाही त्यातलाच. पण बहुतेक जण आपापली जात धरून राहतात. हत्तींचा हर्पीस हत्तींपुरता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात १९९५ मध्ये कुमारी नावाचं १६ महिन्यांचं पिल्लू त्याने गेलं आणि तिथून त्याचा शोध लागला. आपल्याकडे २०१९ मध्ये भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये चार लहान हत्ती त्याच रोगाने दगावले. तो मुख्यतः आईचं दूध सुटायच्या वयातल्या पिल्लांवर उठतो. बारीक रक्तवाहिन्या आतून फुटतात, तोंड सुजतं, जीभ जांभळी पडते, आणि कित्येकदा एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. म्हणून पाळीव हत्तींच्या पिल्लांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासत राहतात, आजार दिसायची वाट बघत नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात टेस नावाच्या हत्तिणीला त्यावरची एमआरएनए लस पहिल्यांदा टोचली. त्या बातम्या वाचून तुमचा जीव घाबरा होणं साहजिक आहे, पण घोड्यांमधला हर्पीस इतका झपाट्याने मारत नाही. तुमचं शिंगरू बहुतेक बरं होईल.

मला काळजी शिंगराची नाही, नव्या घोडीच्या पोटातल्या गर्भाची आहे. तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण खरं नुकसान ज्यावर ठरणार तो पाचवा आहे: ही घोडी वीईपर्यंत गर्भ टिकवायचा कसा? खालचं सगळं त्या दृष्टीने वाचा.

हर्पीसच आहे का, हे तपासणीशिवाय ठरत नाही. यात्रेहून आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, शेंबूड आणि खाणं कमी, एवढ्या लक्षणांत बरेच रोग बसतात. घोड्यांचा फ्लू असेल तर कोरडा, ठसक्याचा खोकला असतो आणि दोन-तीन दिवसांत दावणीतली सगळी जनावरं खोकू लागतात. २००८ मध्ये जम्मूकडून सुरू झालेली साथ अशीच देशभर फिरली होती. जबड्याखाली गाठ येऊन दुखत असेल, नाकातून घट्ट पिवळा पू येत असेल, तर स्ट्रँगल्स, म्हणजे घशाच्या गाठी पिकवणारा जिवाणूंचा रोग. ताप चढ-उतार करत असेल, पोटाखाली सूज असेल, जनावर वाळत चाललं असेल, तर गोमाशीमुळे होणारा सरा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग. त्यासाठी रक्ताची काच तपासून घ्यावी. आणि नाकाच्या आत व्रण, चिकट किंवा रक्ताळलेला स्राव, अंगावर गाठींची माळ यातलं काही दिसलं तर हात न लावता डॉक्टरांना बोलवा. तो ग्लँडर्स, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा जीवघेणा रोग, असू शकतो. तो माणसाला लागतो, आणि सरकारी पशुवैद्यकांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ही शंका आधी काढून टाकायची, मग हर्पीसचं बोलायचं.

हर्पीसमध्ये सुरुवातीला नाक पाण्यासारखं गळतं, नंतर स्राव घट्ट होतो, ताप १०२ पासून १०५ फॅरनहाइटपर्यंत कुठेही जातो आणि पुष्कळदा दोन टप्प्यांत येतो: एकदा उतरतो, मग चार-पाच दिवसांनी पुन्हा चढतो. घोड्यांत याचे दोन प्रकार महत्त्वाचे, एक नंबरचा आणि चार नंबरचा. चार नंबरचा लहान जनावरांत सर्दी-खोकला करून बहुधा तेवढ्यावर थांबतो. एक नंबरचा मात्र नाकातून रक्तात उतरतो, आणि तिथून गर्भाशयाकडे किंवा मज्जारज्जूकडे जाऊ शकतो. म्हणून 'हर्पीस निघाला' एवढं ऐकून थांबू नका, कोणता ते विचारा. चार असेल तर रात्री झोप लागेल.

आता नव्या घोडीवर आळ घेण्याबद्दल. बहुतेक घोड्यांना हा विषाणू लहानपणी, आईजवळ असतानाच लागलेला असतो. ताप-सर्दी होऊन जाते, पण विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत आणि लसिकाग्रंथींत तो आयुष्यभर निपचित पडून राहतो. लांबचा प्रवास, उपासमार, थंडीच्या रात्री, अनोळखी जनावरांची गर्दी, दूध तोडणं, गाभणपणाचे शेवटचे महिने, असं काही झालं की जागा होतो आणि नाकातून बाहेर पडू लागतो; ज्याच्या अंगातून पडतो त्या जनावराला काही झालेलंही दिसत नाही. नवी घोडी टेम्पोतून शेकडो किलोमीटर आली असेल, मग तापीकाठच्या थंडीत कित्येक रात्री उघड्यावर बांधलेली होती, त्यात गाभण. तिच्यात तो जागा झाला असणं शक्य आहे. पण तुमच्या पांढऱ्या घोडीच्या दावणीला अचानक परकं जनावर आलं, दोघींची दोन दिवस लाथाळी झाली, आणि तिच्याच नाकातून तो शिंगराला गेला, हेही तितकंच शक्य आहे. वयस्क जनावर गप्प राहून विषाणू सोडतं आणि आजारी पडतं शेजारचं लहान, हे मी पागांमध्ये वारंवार पाहतो.

तिसरी वाट तुमच्या स्वतःच्या हातांची. सारंगखेड्याला गिऱ्हाईक घोडा कसा बघतं ते आठवा. आधी अंगावरून हात फिरवायचा, मग ओठ वर करून बोटं तोंडात घालायची, दात बघून वय ठरवायचं, हात धोतराला नाही तर पँटला पुसायचा आणि पुढच्या घोड्याचं तोंड उघडायचं. एका दुपारी एकच हात पंधरा-वीस नाकांवरून फिरतो. पाण्याची बादली एकच, तोबरा मागून घेतलेला. यात्रेला नावं ठेवत नाही. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जनावरं एका जागी बघायला मिळतात ती तिथेच, आणि मीही दरवर्षी जातो. पण दात बघून आलात की घरच्या जनावराला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा आणि कपडे बदला. एवढ्याने बराच फरक पडतो.

सांगायचं ते हे की घोडी परत करून काही साधणार नाही. दोषी कोण हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी आता सगळी एका हवेत राहून झालीत. परत नेताना तिला पुन्हा टेम्पोत चढवाल, तोच ताण पुन्हा. वाटेत किंवा विकणाऱ्याच्या दारात ती गाभडेल, आणि त्याच्या जनावरांत रोग जाईल तो वेगळा. २०२१ च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला घोड्यांच्या स्पर्धेत हाच एक नंबरचा विषाणू पसरला. काही घोडे तिथून आपापल्या देशी परतले आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. युरोपात मिळून १८ घोडे मेले, आणि घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला बऱ्याच देशांतल्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. लाखो युरोंचे घोडे आणि पदरी डॉक्टरांची फौज असलेल्यांची ही गत. तेव्हा तुमच्या दारातून कुठलंही जनावर बाहेर जाणार नाही आणि बाहेरचं आत येणार नाही, हे आजच ठरवा.

दारातल्या दारात मात्र हलवाहलव करायची आहे, आणि ती बहुतेक जण उलटी करतात. नवी घोडी 'रोग घेऊन आली' म्हणून तिलाच मळ्यात नेऊन एकटी बांधतात. तसं करू नका. आजारी आहे शिंगरू, हलवायचं त्याला. गाभण घोडी जिथे रुळली आहे तिथेच राहू द्या. शिंगराला खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, किमान तीस फुटांवर, वारा त्याच्याकडून घोडीकडे येणार नाही अशा बाजूला बांधा. पांढरी घोडी दोघांच्या मध्ये कुठेतरी, पण कोणाचंच नाक कोणाला लागणार नाही इतकी दूर. नव्या घोडीला ती लांबून दिसत राहिली तर उत्तम. घोडं एकटं पडलं की भेदरतं, आणि भेदरणं आपल्याला नको आहे.

सकाळची कामं गाभण घोडीपासून सुरू करायची, मग पांढरी, शेवटी शिंगरू. उलट कधीच नाही. तुमचा सालदारच सगळं करत असेल तर त्याला हे नीट बजावा, कारण तो सवयीने आधी आजाऱ्याकडे धावेल. तोबरा, बादली, खरारा, मोरखी, दोर प्रत्येकाचं वेगळं. रंगाची चिंधी बांधून ठेवलीत तर गफलत होत नाही. शिंगराकडे जाताना जुना सदरा वेगळा ठेवा आणि तिथेच काढून या. विषाणूवर स्निग्ध वेष्टण असतं, त्यामुळे साबणाने तो मरतो. जागेचं लीद-मूत्र आधी खरडून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, मग ब्लीचिंगचं पाणी टाका. शेणामातीवर नुसतं फिनाईल ओतून काही होत नाही. डिसेंबरचं खान्देशी ऊनही कामाचं आहे, बादल्या-तोबरे धुऊन उन्हात पालथे घाला.

आता ताप. हे काम औषधापेक्षा मोलाचं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. मेडिकलमधून साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, प्रत्येक जनावराला एक. थर्मामीटरला दोरा बांधून दुसऱ्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावा आणि तो शेपटीच्या केसांना अडकवा, म्हणजे आत ओढला जाणार नाही की पडून फुटणार नाही. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही. डाव्या बाजूला मांडीला टेकून, शेपूट बाजूला धरून, टोकाला थोडं तेल लावून गुदद्वारात दोन-एक इंच सरकवायचा आणि आतल्या भिंतीला टेकवायचा. लिदीत खुपसला तर आकडा खोटा येतो. सकाळी कामाला लावण्याआधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा, तिघांचाही. मोठ्या घोड्याचा ताप ९९ ते १०१ असतो, १०१.५ च्या वर गेला की तो आजारी समजा, मग तो कितीही टुकटुकीत दिसो. आकडे कालनिर्णयच्या चौकटीत लिहा. हर्पीसमध्ये नाक गळण्याआधी बऱ्याचदा ताप येतो, आणि कधी कधी तेवढंच लक्षण असतं. नव्या घोडीला लागण झाली की नाही याचा पहिला सुगावा तुम्हाला या आकड्यांतूनच लागेल.

तपासणीसाठी नमुना ताप असतानाच घ्यावा लागतो, म्हणून उद्यावर टाकू नका. नाकात खोलवर फिरवलेला लांब कापसाचा बोळा आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त, दोन्ही बर्फाच्या डब्यात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत ते पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाऊ शकतात. कुठे पाठवायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी तपासणी, सांगा आणि कोणता नंबर ते कळवा म्हणून चिठ्ठीवर लिहून घ्या. जमलं तर तिघांचे नमुने पाठवा. एखाद्या धडधाकट जनावराच्या रक्तात विषाणूचा थोडा अंश निघाला तर घाबरू नका, निपचित विषाणू असाही सापडतो. ताप, नाकातला नमुना आणि रक्त तिन्ही जुळले तर मात्र अर्थ पक्का.

औषधांबद्दल कमी लिहितो, कारण इथे औषध दुय्यम आहे. शिंगराला विश्रांती, ओलसर केलेली वैरण म्हणजे धूळ उडणार नाही, आणि खाणं जमिनीवर ठेवा, मान खाली गेली की नाक मोकळं वाहतं. दादर ज्वारीचा कडबा खात नसेल तर कोवळा लसूणघास देऊन बघा. ताप फार असेल तर डॉक्टर त्यावरचं इंजेक्शन देतील; ते देण्याआधीचा ताप लिहून ठेवा, नंतरचा आकडा फसवतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, स्राव घट्ट पिवळा होऊन जिवाणूंनी शिरकाव केला तरच त्याचा उपयोग. कुणीतरी माणसांच्या असायक्लोव्हिरच्या गोळ्या सुचवेल. घोड्याच्या आतड्यातून ती जवळजवळ शोषलीच जात नाही, पैसे लिदीतून जातात. व्हॅलासायक्लोव्हिर शोषली जाते, पण घोड्याच्या वजनाला लागणारा डोस महाग पडतो आणि ती मुख्यतः मज्जारज्जूच्या आजारात विचारात घेतात. एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे: 'ताप उतरेना, डेक्सा मारा' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. डेक्सा हे स्टेरॉइड आहे, त्याने निपचित हर्पीस जागा होतो, आणि गाभण घोडीच्या बाबतीत तर ते दुहेरी संकट.

गाभण घोडीचं काय होऊ शकतं ते सरळ सांगतो. एक नंबरच्या लागणीनंतर गर्भपात दोन आठवड्यांतही होतो आणि तीन-चार महिन्यांनीही. बहुतेक सातव्या महिन्यापासून पुढे. घोडी आधी काही दाखवत नाही. संध्याकाळी नीट खाते आणि सकाळी दावणीत गाभ पडलेला दिसतो, वार गुंडाळलेली, शिंगरू ताजं. घोडी स्वतः बरी होते, पुढच्या खेपेला गाभणही राहते. पण त्या वारेत आणि गर्भात विषाणू खच्चून भरलेला असतो. ओढ्यात टाकायचा नाही, उकिरड्यावर नाही, कुत्र्यांच्या तोंडी तर मुळीच नाही. हातमोजे घालून दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधा, सावलीत बर्फावर ठेवा, डॉक्टरांना बोलवा; फुफ्फुस, यकृत, प्लीहा यांचे तुकडे तपासणीला गेले तर निदानाची शंका राहत नाही. मग चुना टाकून खोल पुरा. दिवस भरून जन्मलेलं शिंगरूही अशक्त असू शकतं, म्हणून विण्याच्या वेळी माणूस हजर पाहिजे.

दुसरी भीती मज्जारज्जूची. ताप उतरल्यासारखा वाटतो आणि त्याच सुमारास मागचे पाय डळमळतात. रोज सकाळी प्रत्येकाला दहा पावलं चालवा, लहान वर्तुळात फिरवा, चार पावलं मागे घ्या. धुळीत मागच्या खुराची टोकं ओढल्याच्या रेघा उठतात का बघा. शेपूट धरून हलकेच बाजूला ओढा. निरोगी घोडं शेपूट आवळतं आणि तोल सावरतं, आजारी तसंच ओढलं जातं. मागच्या पायांवरून मूत्र थेंबथेंब ओघळत असेल तर त्याच तासाला डॉक्टर. उभं राहिलेलं जनावर बहुतेक सावरतं, बसलेल्याची आशा कमी.

म्हशी, बैल, शेळ्या आणि पोरं यांना घोड्यांचा हा हर्पीस लागत नाही. गाईंचा हर्पीस वेगळा असतो. जातीची कुंपणं अगदी अभेद्य नसतात हे खरं, जर्मनीतल्या वुपर्टालच्या प्राणिसंग्रहालयात २०१० मध्ये घोडे-झेब्र्यांच्या हर्पीसने एक ध्रुवीय अस्वल मेलं होतं. तुमच्या गोठ्याला त्याची चिंता नको. गाढव, खेचर मात्र घोड्यांच्याच रांगेत धरा. वीटभट्टीवरची गाढवं तुमच्या हौदावर पाणी प्यायला येत असतील तर तीन आठवडे बंद. आणि पोरांना शिंगराजवळ जाऊ न देण्याचं कारण एवढंच की ग्लँडर्सची शंका अजून फिटायची आहे आणि पोरांचे हात सगळीकडे जातात.

उरली वरात. पांढरी घोडी आज ठणठणीत आहे म्हणून पाठवायचा मोह होईल. नको. तिच्या शेजारी बग्गीचा घोडा उभा राहील, डीजे आणि फटाके तिला उसकावतील, आणि ती काय घेऊन जाईल किंवा परत आणेल ते दहा दिवसांनी कळेल. शेवटच्या आजारी जनावराचा ताप उतरल्या दिवसापासून २१ दिवस मोजा. मध्येच दुसऱ्याला ताप आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पौष लागतो आहे, तारखा तशाही कमीच असतात; मार्गशीर्षातली उरलेली एखादी बुकिंग दुसऱ्या घोडेवाल्याला देऊन टाका. त्याला खरं कारण सांगा, आणि त्याचा घोडा तुमच्या अंगणात सजवायला आणू नका. तुमचं जरीचं खोगीर, गोंडे, मोरखी त्याला वापरायला देऊ नका. वरातीच्या सामानाची देवघेव हा रोग हलण्याचा अगदी सोपा रस्ता आहे.

लसीचं या घटकेला डोक्यातून काढा. तापलेल्या किंवा लागण झालेल्या जनावराला आता टोचून काही मिळत नाही. पुढच्या वेळी घोडी गाभण राहिली की पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात मृत विषाणूची लस देतात. तिने गर्भपाताचा धोका घटतो, पुरता जात नाही, आणि पाय लुळे पडण्यापासून ती भरवशाने वाचवत नाही. विकणाऱ्याला फोन करून याआधी काही टोचलं होतं का ते विचारा, आणि घोडी घोड्याला दाखवल्याची नेमकी तारीखही विचारा. बाजारात 'आठ महिने' म्हणजे सहाही असतात आणि दहाही, आणि पुढची सगळी गणितं त्यावर आहेत.

शिंगराचा आजचा संध्याकाळचा ताप, तिघांचं सकाळचं चालणं, आणि जबड्याखाली बोटं फिरवून गाठ लागते का, एवढं लिहून कळवा. गाठ लागली तर वरचं निम्मं उत्तर बदलेल.